‘मला ईमेल आलाच नाही’: मंडळीच्या ईमेल यादीतली पुन्हा पुन्हा उद्भवणारी अडचण

अडचण अशी दिसते. मंडळीचं साप्ताहिक पत्रक ईमेलने जातं. अहवालात ‘पाठवले’चा आकडा व्यवस्थित असतो. तरीही दर रविवारी उपासनेनंतर चार-पाच जण सांगतात, आम्हाला काही आलं नाही. ऑफिस सांभाळणारी व्यक्ती त्यांची नावं पुन्हा घालते. दोन आठवडे सगळं शांत, आणि मग तीच तक्रार, बहुतेक वेळा त्याच लोकांची.

चर्चसाठी ईमेल कॅम्पेन, म्हणजे यादीतल्या सगळ्यांना एकदम जाणारं पत्र, पाठवणाऱ्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल, मग सेवा मेलचिंप असो, ब्रेव्हो असो की दुसरी कुठली. बटणांची नावं आणि जागा बदलतात, दुखणं तेच. दोष सहसा पत्रकाच्या मजकुरात नसतो. स्पॅम फोल्डरलाही आपण वाजवीपेक्षा जास्त बोल लावतो. खरी गडबड यादीत असते: एकाच माणसाच्या दोन-तीन नोंदी, प्रत्येक नोंदीची स्थिती वेगळी, आणि पाठवणाऱ्यासमोर त्यातली एकच उघडी. म्हणून तक्रार आली की नाव लगेच पुन्हा घालायचं नाही. त्याने तक्रार काही दिवस दबते आणि यादीत आणखी एक नोंद वाढते, एवढंच होतं.

आधी ती एक नोंद शोधा

तक्रार करणाऱ्याकडून ईमेल पत्ता तोंडी घेऊ नका. त्यांच्या फोनवर मेलचं ॲप उघडायला सांगा आणि तिथे दिसणारा पत्ता उतरवून घ्या. अनेकांच्या फोनवर दोन खाती असतात. नोंदणी एकाने केलेली असते आणि रोजचं वाचन दुसऱ्यावर चालतं, आणि हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसतं. मग तो पत्ता सेवेच्या शोधपेटीत टाका. फक्त समोर उघडलेल्या ऑडियन्समध्ये (ऑडियन्स म्हणजे सेवेतली एक स्वतंत्र यादी) शोधून थांबू नका, सगळ्या ऑडियन्स पालथ्या घाला.

पत्ता कुठेच सापडला नाही, तर तो कागदी कार्डावरून टाइप केलेला असण्याची शक्यता मोठी. नवीन आलेल्यांकडून भरून घेतलेल्या कार्डावर टिंब आणि अधोरेषा सारखीच दिसते, एक आणि इंग्रजी एल सारखे दिसतात, आणि ‘डॉट कॉम’चं ‘डॉट कॉन’ झालेलं तर कोणत्याही जुन्या यादीत निघतं. आडनावाने किंवा पत्त्याच्या अर्ध्या भागाने शोधलं की चुकलेली नोंद सहसा हाती लागते. तीच दुरुस्त करा. शेजारी नवी घातली तर चुकीची नोंद बाउन्स होत राहील, म्हणजे तिला गेलेला ईमेल परत येत राहील.

दुहेरी खात्री चालू असेल, म्हणजे फॉर्म भरल्यावर येणाऱ्या ईमेलमधल्या दुव्यावर क्लिक केल्याशिवाय नाव पक्कं होत नसेल, तर काही लोक तिथेच अडकलेले असतात. काही सेवांमध्ये अशी अर्धवट नोंद नेहमीच्या यादीत दिसतही नाही. ती व्यक्ती म्हणते मी फॉर्म भरला, तुम्ही म्हणता नाव नाही, आणि दोघांचंही खरं असतं. त्यांना फॉर्म पुन्हा भरायला सांगा आणि खात्रीचा दुवा तुमच्या समोरच उघडून घ्या.

नोंद सापडली पण ‘क्लीन्ड’ किंवा ‘बाउन्स्ड’ असं लिहिलं असेल, तर पलीकडच्या सर्व्हरने ईमेल परत पाठवला आहे. पत्ता अस्तित्वातच नसेल तर एकाच फटक्यात नोंद बाद होते. पेटी भरलेली असेल तर सेवा काही वेळा प्रयत्न करून मग सोडून देते. ज्येष्ठ सभासदांच्या बाबतीत हे दुसरं कारण फार सापडतं. गूगलची मोफत १५ जीबी जागा ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. नातवंडांचे व्हिडिओ आपोआप साठत जातात, जागा संपते आणि ईमेल येणंच बंद होतं. त्यांच्या लेखी फोन ठीक चाललेला असतो. तेव्हा आधी गूगल खात्यातली जागा मोकळी करायची आणि मगच नोंद पुन्हा चालू करायची. हा क्रम उलटा केला तर महिन्याभरात पुन्हा तेच. शिवाय दोन वर्षं वापरात नसलेली खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू लागलं आहे, त्यामुळे जुन्या यादीतले काही पत्ते खरोखरच मेलेले असतात.

आता ‘अनसबस्क्राइब्ड’, म्हणजे यादीतून नाव काढलेलं. इथे सगळ्यात जास्त वादावादी होते, कारण ती व्यक्ती शपथेवर सांगते की मी नाव काढलेलं नाही. बऱ्याचदा ते खरंच असतं.

पत्रक पुढे पाठवण्याची सवय हे त्याचं मुख्य कारण. सभासद मंडळीचं पत्रक बहिणीला, शेजाऱ्यांना, परगावच्या मुलाला फॉरवर्ड करतात. पत्रकाच्या तळाशी असलेला अनसबस्क्राइबचा दुवा मूळ सभासदाच्या नावाने बांधलेला असतो. मुलाने कंटाळून तो दाबला की आईचं नाव यादीतून जातं. आई पुन्हा नोंदवते, पुन्हा फॉरवर्ड करते, पुन्हा तेच. ही तक्रार ठरावीक घरांतूनच का येते, याचं उत्तर इथे मिळतं. अशा लोकांना ‘फॉरवर्ड करू नका’ असं सांगून उपयोग होत नाही, आणि सांगूही नये. सुवार्ता पुढे जावी हीच तर इच्छा आहे. पत्रकात वरच्या बाजूला ‘ब्राउझरमध्ये पहा’ हा दुवा ठळक द्या आणि तोच पुढे पाठवायला शिकवा. मात्र तो दुवा खासगी खिडकीत उघडून आधी तपासा. त्या पानावर सभासदाच्या नावाने बांधलेला अनसबस्क्राइबचा दुवा दिसत असेल तर त्यातून सुटका झालेली नाही. तेव्हा पत्रक मंडळीच्या संकेतस्थळावर ठेवून त्याचा साधा दुवा द्या.

दुसरं कारण, ऑफिसच्या ईमेलवर बसवलेले सुरक्षा स्कॅनर. ते आलेल्या ईमेलमधले सगळे दुवे आपणहून उघडून पाहतात, त्यात अनसबस्क्राइबचाही आला. दुवा उघडताक्षणी नाव कटत असेल तर माणसाने काही न करता तो बाहेर फेकला जातो. दुव्यानंतर ‘नक्की काढायचं का?’ असं विचारणारं पान असेल तर हे टळतं. ईमेलच्या वर मेल ॲप जे अनसबस्क्राइब बटण दाखवतं त्याची रचना निराळी असते. आरएफसी ८०५८ या २०१७ च्या इंटरनेट मानकानुसार ते साध्या दुव्यासारखं उघडत नाही, त्यामुळे स्कॅनरच्या हातून ते दाबलं जात नाही.

तिसरं कारण, ‘स्पॅम’ बटण. याहू आणि आउटलुक यांच्या मोफत पेट्यांमध्ये कोणी ते दाबलं तर तक्रार सेवेपर्यंत पोचू शकते आणि सेवा ते नाव बंद करते. जीमेल मात्र कोणी दाबलं ते नावानिशी कळवत नाही. तिथे नोंद चालूच राहते, अहवालात ‘पोचला’ असंच दिसतं, आणि ईमेल गपचूप स्पॅममध्ये जात राहतो. म्हणून जीमेलवाल्यांच्या बाबतीत यादीतली स्थिती बघून समाधान मानू नका. त्यांच्या पेटीत स्पॅम आणि कचरापेटीसह मंडळीच्या नावाने शोधा, सापडला तर ‘स्पॅम नाही’ दाबा आणि पत्ता त्यांच्या संपर्कांत घाला. प्रमोशन्सच्या टॅबमध्ये निघाला तर ओढून मुख्य टॅबमध्ये आणा.

कारण कोणतंही असो, अनसबस्क्राइब झालेल्या माणसाने स्वतः फॉर्म भरून परत यावं, हाच रस्ता. तुम्ही सीएसव्ही फाइलमधून (साध्या मजकुरातल्या तक्त्यातून) त्यांना पुन्हा इम्पोर्ट केलंत तर मेलचिंप त्यांना अनसबस्क्राइब्डच ठेवतं, आणि ते योग्यच आहे. नेमक्या याच टप्प्यावर कोणाला तरी शक्कल सुचते: नवी ऑडियन्स काढू, तिथे सगळे नव्याने जातील. जातातही. मूळ दुखण्याची सुरुवात तिथून होते.

एकच ऑडियन्स

बहुतेक मंडळ्यांत मला ऑडियन्स साधारण अशा सापडतात: मुख्य यादी, तरुण संघ, महिला मंडळ, संडे स्कूलचे पालक, नाताळ कार्यक्रमासाठी कधीतरी काढलेली एक, आणि ‘नवी यादी अंतिम’ नावाची एक. प्रत्येक संघाला वेगळं पत्र जातं, मग यादीही वेगळी हवी, असा विचार त्यामागे असतो. पण मेलचिंपसारख्या सेवांत ऑडियन्स एकमेकींना ओळखत नाहीत. एका ऑडियन्समधून बाहेर पडलेला माणूस दुसरीत तसाच चालू राहतो. एका ठिकाणी दुरुस्त केलेला पत्ता दुसरीकडे चुकीचाच राहतो. तीन ऑडियन्समध्ये असलेली एक बाई तीन संपर्क म्हणून मोजली जाते आणि मंडळी तिचे तिप्पट पैसे भरते. अनसबस्क्राइब झालेले संपर्कही मेलचिंप प्लॅनच्या मर्यादेत मोजतं; ते आर्काइव्ह केले तरच मोजणीतून सुटतात.

म्हणून एकच ऑडियन्स, आणि आत टॅग, म्हणजे नोंदीला लावलेली खुणेची चिठ्ठी. तरुण संघ हा टॅग, क्वायर हा टॅग, पालक हा टॅग. कॅम्पेन पाठवताना टॅगवरून सेगमेंट, म्हणजे यादीतला हवा तेवढा गट, निवडायचं. सभासदाला स्वतः काही निवडू द्यायचं असेल, जसं ‘मला फक्त रविवारचं पत्रक हवं, प्रार्थना साखळी नको’, तर त्यासाठी मेलचिंपमध्ये ग्रुप असतात. टॅग आणि ग्रुप यांतला फरक नीट लक्षात ठेवा: टॅग फक्त तुम्हाला दिसतो, ग्रुप फॉर्मवर ठेवला तर सभासदालाही दिसतो. ‘अनियमित’ किंवा ‘दशमांश न देणारे’ असा ग्रुप कोणी केलाच, तर तो त्या व्यक्तीच्या पसंतीच्या पानावर झळकू शकतो. खरं तर असं टॅगमध्येही लिहू नये. यादी कधी ना कधी एक्सपोर्ट होते आणि कोणाच्या तरी लॅपटॉपवर पडून राहते.

एकत्र करण्याचं काम शांतपणे एका बैठकीत करा, आणि तेवढ्या काळात कोणतंही कॅम्पेन शेड्यूल केलेलं नसावं. आधी प्रत्येक ऑडियन्स तिच्या सगळ्या स्थितींसह एक्सपोर्ट करून जपून ठेवा. सेवेत ‘एकत्र करा’ अशी तयार सोय असली तरी ती अनसबस्क्राइब झालेल्यांची नोंद सोबत नेते का, हे आधी तपासा. नेत नसेल, तर ज्यांनी ‘नको’ म्हटलं होतं त्यांचा नकार वाटेतच हरवतो. माझा क्रम असा: नव्या घरात आधी नकार न्यायचे, मग बाउन्स झालेले, आणि शेवटी चालू सभासद त्यांच्या टॅगांसह. हा क्रम पाळला की नकार दिलेल्यांवर नंतरची फाइल चुकून चढत नाही.

मग तो अवघड प्रश्न येतो: एकच व्यक्ती मुख्य यादीत चालू आहे आणि तरुण संघाच्या यादीत बंद. तिचं काय करायचं? ती मुख्य यादीत चालू राहील, तरुण संघाचा टॅग तिला लागणार नाही. उलट असेल, म्हणजे मुख्य यादीतून ती बाहेर पडली आहे आणि क्वायरच्या यादीत चालू आहे, तर यंत्राने ठरवू नये. क्वायरच्या प्रमुखांनी तिला प्रत्यक्ष विचारावं. असे लोक थोडेच निघतात.

टॅग लावताना शुद्धलेखनाची शिस्त हवी. ‘तरुण संघ’, ‘तरूण संघ’ आणि ‘युथ’ हे यंत्राच्या लेखी तीन वेगळे टॅग आहेत. एक व्यक्ती टॅग तयार करेल, बाकीचे फक्त लावतील, असं ठरवलं तर बरं. सेगमेंट बनवताना ‘सर्व अटी’ आणि ‘कोणतीही एक अट’ यांतली निवडही पुन्हा वाचा. ‘तरुण संघ आणि पालक’ यांना पत्र पाठवायचं म्हणून दोन्ही टॅग निवडले आणि ‘सर्व अटी’ तसंच राहिलं, तर पत्र फक्त त्यांनाच जातं जे तरुण संघातही आहेत आणि पालकही आहेत. मग निम्म्या मंडळीला पत्र नाही, आणि अहवालात मात्र सगळं हिरवं.

यादी एकत्र करूनही तक्रारी येत राहिल्या तर भिंतीकडे बघा. सूचनाफलकावर, छापील पत्रकाच्या मागे, स्वागताच्या टेबलावर जो क्यूआर कोड चिकटवला आहे तो अजून जुन्या ऑडियन्सच्या फॉर्मवर नेत असतो. नवीन आलेले लोक उत्साहाने तो स्कॅन करतात आणि बंद पडलेल्या यादीत जाऊन बसतात. संकेतस्थळावरचा जुना फॉर्म आणि मंडळीच्या नोंदवहीच्या सॉफ्टवेअरशी जोडलेलं सिंक, दोन्हींची हीच गत. क्यूआर नेहमी मंडळीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या एका पानावर न्यावा आणि तिथून फॉर्मवर. उद्या सेवा बदलली तरी छापलेला कागद बदलावा लागत नाही.

एका पत्त्यावर सगळं घर

ईमेल सेवा माणसाला पत्त्यावरून ओळखते. मंडळी माणसांना घरांवरून ओळखते. या दोन पद्धती एकमेकींत बसत नाहीत आणि त्यातून होणारा त्रास केवळ तांत्रिक राहत नाही.

नवरा-बायको एकच पत्ता वापरतात हे सर्रास. त्या पत्त्याची एका ऑडियन्समध्ये एकच नोंद होऊ शकते. नोंदवहीतून फाइल इम्पोर्ट केली की त्या पत्त्याच्या दोन ओळींपैकी एकीचंच नाव उरतं, आणि दुसरी व्यक्ती ‘यादीत नाही’ असं वाटतं. कोणीतरी तिचं नाव घालायला जातं, आणि आता पहिल्याचं नाव पुसलं जातं. अशा घरांसाठी नावाच्या रकान्यात कुटुंबाचं नाव ठेवा आणि पत्राच्या सुरुवातीला वैयक्तिक संबोधन घालूच नका. ‘प्रिय कुटुंबीय’ किंवा नुसतं ‘प्रभूच्या नावाने सलाम’ चालतं. ज्यांचा स्वतःचा पत्ता आहे त्यांनाही यात काही कमी वाटत नाही.

वाढदिवसाचं आपोआप जाणारं पत्र हे याहून नाजूक. सामायिक पत्त्यावर एकच जन्मतारीख बसते. आणि त्या घरातला एक माणूस देवाघरी गेला की ती तारीख तशीच राहते. पाळकांनी दफनविधी केला, नोंदवहीत नोंद झाली, पण ईमेलच्या यादीला कोणी सांगितलं नाही, आणि काही महिन्यांनी विधवेच्या पेटीत तिच्या नवऱ्याच्या नावाने शुभेच्छा येतात. कोणतीही माफी याला पुरी पडत नाही. दफनाच्या नोंदीबरोबर त्याच दिवशी ईमेल यादीतली नोंद बदलणं हे ऑफिसच्या कामाच्या यादीत लिहून ठेवा. स्थलांतर, विवाह आणि नाव बदलणं यांसाठीही तेच. एवढं जमणार नसेल तर वाढदिवसाचं ऑटोमेशन बंद ठेवा. पाळकांनी केलेला एक फोन त्यापेक्षा कधीही बरा.

डोमेनचं काम

नोंद चालू आहे, सेगमेंट बरोबर आहे, तरी एकाच प्रकारच्या पेट्यांना, बहुधा जीमेल किंवा याहूला, काहीच पोचत नाही: मग अडचण प्रेषकाच्या पत्त्यात आहे.

अनेक मंडळ्या ‘प्रेषक’ म्हणून मोफत जीमेल किंवा याहूचा पत्ता ठेवतात. पण ईमेल पाठवते ती तिसरीच सेवा. याहूने एप्रिल २०१४ मध्येच आपल्या डोमेनवर (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावर) कडक डीमार्क धोरण लावलं. याहूच्या नावाने दुसऱ्याच सर्व्हरवरून आलेला ईमेल समोरच्याने नाकारावा, असं ते धोरण सांगतं. जीमेलच्या प्रेषक-नियमांतही जीमेलचा पत्ता असा बाहेरून वापरू नका असं स्पष्ट लिहिलं आहे. उपाय एकच: मंडळीचं स्वतःचं डोमेन घ्या आणि प्रेषक पत्ता त्याच डोमेनवरचा ठेवा. उत्तरं मात्र जुन्या जीमेलवर यावीत असं वाटत असेल तर ‘उत्तर कुठे’ या रकान्यात तो पत्ता देता येतो.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम आवळले. जीमेलला दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त ईमेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्यांची यादी), डीकेआयएम (ईमेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क तिन्ही हवेत, आणि प्रसिद्धीच्या ईमेलला एका क्लिकवर नाव काढण्याची सोय हवी. लहान मंडळीला ती संख्या कधी गाठायची नसते, पण एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी सगळ्यांनाच लागतं. तिन्ही लावून टाका. काम तेवढंच आहे. स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत पोचू देऊ नका असंही गूगल सांगतं. २०० जीमेल पत्ते असलेल्या मंडळीत एकाने बटण दाबलं की त्या दिवसाचं प्रमाण ०.५ टक्के होतं. म्हणूनच अनसबस्क्राइबचा दुवा लपवू नका. दुवा सापडला नाही की माणूस स्पॅम दाबतो.

डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदींमध्ये, तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली, एसपीएफच्या दोन ओळी. एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ चालते. नवी सेवा आली म्हणून दुसरी ओळ घातली की दोन्ही निकामी होतात. त्याच ओळीत दोन्ही सेवा लिहायच्या, आणि तिच्यातून निघणाऱ्या डीएनएस चौकश्या १० च्या आत ठेवायच्या. दुसरी, डीकेआयएमची नोंद करताना पूर्ण नाव चिकटवणं. बरीच पॅनल डोमेनचं नाव आपणहून जोडतात, त्यामुळे डोमेन दोनदा येतं आणि सेवा ‘नोंद सापडली नाही’ म्हणत राहते. तिसरी चूक सगळ्यात फसवी, कारण ती सगळं नीट चालू असताना होते. कोणीतरी संकेतस्थळ नव्या होस्टिंगवर हलवतं, नेमसर्व्हर (त्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलतात, संकेतस्थळ सुरेख दिसतं आणि ईमेलच्या सगळ्या नोंदी जुन्या जागीच राहतात. ‘गेल्या महिन्यापर्यंत ठीक होतं’ असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, संकेतस्थळाचं काही काम झालं का?

डीमार्कचं धोरण सुरुवातीला ‘नन’ ठेवा, म्हणजे नुसतं निरीक्षण. देणगीची पावती पाठवणारं सॉफ्टवेअर, संकेतस्थळाचा संपर्क फॉर्म, असे मंडळीच्या नावाने ईमेल पाठवणारे सगळे सापडल्यावरच ‘क्वारंटाइन’कडे जा. थेट ‘रिजेक्ट’ लावलं तर देणगीच्या पावत्या बंद पडतात आणि खजिनदार तुमच्या दारात उभे राहतात. या सगळ्यासाठी डोमेनचं लॉगिन लागतं. ते संकेतस्थळ बनवून देऊन दुसरीकडे गेलेल्या कोणा तरुणाच्या वैयक्तिक खात्यात असतं असा अनुभव आहे, म्हणून ते आधी मंडळीच्या नावावर करून घ्या.

उरलेली कारणं

मराठी पत्रकाला लांबीची अडचण इंग्रजीपेक्षा लवकर येते. ईमेलचा एचटीएमएल मजकूर साधारण १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल तो कापतं आणि ‘संपूर्ण संदेश पहा’ असा दुवा देतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, इंग्रजी अक्षर एक. वर्ड फाइलमधून चिकटवलेला मजकूर स्वतःचा अदृश्य कचराही सोबत आणतो. कापलेल्या भागात तळाचा अनसबस्क्राइबचा दुवाही जातो. संपूर्ण प्रवचन ईमेलमध्ये न घालता संकेतस्थळावर ठेवा आणि दुवा द्या. मजकूर चिकटवताना ‘फक्त मजकूर’ हा पर्याय वापरा. सगळं पत्रक एका चित्रात बनवून पाठवणं हा मात्र उपाय नाही. चित्रं बंद असणाऱ्याला कोरी चौकट दिसते, आणि दृष्टिहीन सभासदाचा वाचक-ॲप त्यातलं काहीच वाचत नाही.

इम्पोर्ट केल्यावर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा विचित्र अक्षरं आली तर फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन झालेली नाही. एक्सेलमध्ये जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा वेगळा प्रकार निवडावा लागतो, साधा सीएसव्ही नव्हे.

चुकीच्या दिवशी पत्र गेलं तर खात्याचं टाइमझोन बघा. सणांच्या ऑटोमेशनवर तर कधीच विसंबू नका. नाताळची तारीख स्थिर, पण ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये फिरतो: २०२६ मध्ये ५ एप्रिल, २०२७ मध्ये २८ मार्च. राखेचा बुधवार त्याच्या ४६ दिवस आधी, म्हणजे अनुक्रमे १८ आणि १० फेब्रुवारी. गेल्या वर्षीची उपवासकाळाची मालिका तशीच पुन्हा चालू केली की ‘आज राखेचा बुधवार’ हे पत्र भलत्याच दिवशी निघतं. पौर्वात्य मंडळ्यांचा ईस्टर बहुतेक वर्षी वेगळ्याच दिवशी येतो, त्यांनी आपल्या पंचांगाने चालावं.

ईमेल ‘उघडला नाही’ म्हणून कोणाला यादीतून काढू नका. ॲपलच्या मेल ॲपमध्ये सप्टेंबर २०२१ पासून आलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे न वाचलेले ईमेलही उघडल्यासारखे मोजले जातात, आणि चित्रं बंद ठेवून अक्षर न् अक्षर वाचणारे लोक ‘निष्क्रिय’ दिसतात. दुकानाला तो आकडा चालेल. मंडळीत माणूस समोर भेटतो, त्याला विचारा.

सेवा बंद पडली म्हणून वैयक्तिक जीमेलवरून सगळ्यांना एकत्र पाठवायची पाळी आली तर मोफत खात्याची मर्यादा दिवसाला ५०० आहे हे ध्यानात ठेवा, आणि पत्ते बीसीसीमध्येच घाला. सीसीमध्ये घातले तर कोण कोण या चर्चचं आहे हे सगळ्यांना कळतं. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआरमध्ये धार्मिक श्रद्धा ही विशेष संरक्षणाची माहिती मानली आहे, आणि जिथे तो कायदा लागू नाही तिथेही ही काळजी घेण्यासारखी आहे. प्रार्थना विनंत्यांमध्ये आजाराचं नाव आणि इस्पितळ लिहिण्याआधी त्या घराची परवानगी घ्या. फॉरवर्ड झालेला ईमेल मागे घेता येत नाही.

एवढं सगळं तपासूनही एखाद्याला पत्र मिळत नसेल आणि त्यांचा पत्ता ऑफिसचा असेल, तर त्यांच्या कंपनीचा सर्व्हर मोठ्या प्रमाणावर आलेले ईमेल दारातच अडवत असावा. तिथे आपल्या हातात काही नाही. त्यांच्याकडून घरचा पत्ता मागून घ्या.